घराच्या बाहेरचे रंग जुळवताना: आधी न बदलणाऱ्या गोष्टी, मग फिकट-गडद, रंग सर्वांत शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन मजली घर, वर गडद लाल कौलांचे छप्पर, खिडक्यांच्या चौकटी गडद तपकिरी आणि दर्शनी भिंतीच्या एका भागावर पिवळसर दगड बसवलेला. सध्याचा क्रीम रंग उन्हाच्या बाजूला विटला आहे आणि सावलीच्या बाजूला काळे ओघळ आले आहेत. आता राखाडी आणि पांढरा अशी जोडी मनात आहे, पण शेड कार्डावर आवडलेली राखाडी भिंतीवर निळी दिसेल अशी भीती वाटते. कोणते रंग घ्यावेत, कुठे कोणता लावावा आणि किती लागेल?

भीती अगदी रास्त आहे. या घरावर शुद्ध राखाडी खरोखरच निळसर दिसेल, आणि त्यात रंग बनवणाऱ्याची काही चूक नसेल. कोणताही रंग शेजारच्या रंगाच्या विरुद्ध दिशेला सरकल्यासारखा दिसतो. लाल कौलांखालची राखाडी हिरवट-निळी भासते आणि पिवळ्या दगडाला लागून असलेली राखाडी निळसर-जांभळी. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये हा परिणाम सविस्तर मांडला. भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी तिथे येत होत्या, आणि दोष धाग्यात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तसे दिसते, हे त्याने दाखवले. भिंतीवर यात आणखी एक भर पडते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या भिंतीवर वर्षातला बराच काळ थेट ऊन नसते, फक्त आभाळाचा निळसर उजेड असतो. म्हणजे राखाडीला निळेपणाकडे ओढणाऱ्या तीन गोष्टी या एकाच घरावर आहेत.

म्हणून सुरुवात शेड कार्डापासून करू नका. जे बदलणार नाही त्याची आधी यादी करा: छप्पर, दगड, खिडक्यांच्या चौकटी, पायऱ्यांची फरशी, अंगणातले पेव्हर, ग्रिल, फाटक. तुमच्या घरात यातल्या तीन मोठ्या गोष्टी लाल, पिवळसर आणि तपकिरी आहेत, म्हणजे तिन्ही उबदार. भिंतीचा रंग याच उबदार घराण्यातला हवा. राखाडीच हवी असेल तर मातकट झाकेची घ्या, जिच्यात थोडा पिवळा आणि थोडा तपकिरी मिसळलेला असतो. कार्डावर ती कदाचित मळकी वाटेल. लाल छपराखाली तीच शांत, खरीखुरी राखाडी दिसेल.

झाक ओळखायची कशी? एकटा चौकोन बघून कधीच कळत नाही. तो पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवा आणि शेजारी आणखी तीन-चार राखाडी ठेवा. लगेच एक हिरवट, एक जांभळट आणि एक तपकिरी दिसू लागते. दुसरी खूण म्हणजे त्याच पट्टीवरची सर्वांत गडद छटा बघायची. फिकट चौकोनात लपलेली झाक तिथे बहुतेक वेळा उघडी पडते. चौकोन कापून सुटे करा, कारण कार्डावर शेजारी छापलेल्या छटा डोळ्याला फसवतात. आणि बघताना टेबलावर आडवे ठेवून बघू नका. भिंत उभी असते, चौकोनही उभा धरा, घराबाहेर, एकदा उन्हात आणि एकदा सावलीत, कौल आणि दगड दोन्ही नजरेत येतील अशा जागी.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. बाहेरच्या रंगांची जोडी जमते किंवा फसते ती मुख्यतः फिकट-गडदपणावर. रंग कोणता हा त्यानंतरचा प्रश्न. यासाठी एक मोजमाप आहे, प्रकाश परावर्तन मूल्य, म्हणजे एलआरव्ही. पूर्ण काळ्याला ०, पूर्ण पांढऱ्याला १००. बऱ्याच कंपन्या प्रत्येक शेडसोबत हा आकडा देतात. बाहेरच्या मुख्य भिंतीसाठी ५० ते ७० हा पट्टा सर्वांत सोयीचा. ८० च्या पुढचा रंग भर उन्हात डोळ्यांवर येतो आणि धूळ ताबडतोब दाखवतो. ३० च्या खाली गेलात की भिंत खूप तापते. दिवसा प्रसरण, रात्री आकुंचन, आणि गिलावा व काँक्रीट जिथे जुळतात तिथे केसासारख्या भेगा. बाहेरून उष्णतारोधक थर लावलेल्या भिंती असतील तर त्या प्रणालीचे उत्पादक साधारण २० ते २५ च्या खालचे रंग लावूच देत नाहीत.

दोन रंगांमधले अंतरही याच आकड्याने बघा. मुख्य भिंत आणि पट्टे-चौकटी यांत किमान १५ ते २० चा फरक ठेवा. ५-७ चाच फरक असेल तर लांबून बघणाऱ्याला दुसरा रंग जाणूनबुजून लावला आहे असे वाटतच नाही. डबा बदलला किंवा रंग विटला असे वाटते. उलट, ५० च्या वर फरक असलेली जोडी, म्हणजे कोळशासारखी भिंत आणि पांढरेशुभ्र पट्टे, घराचा प्रत्येक वाकडा कोपरा आणि असमान खिडकी ठळक करून दाखवते. बांधकाम काटेकोर असेल तरच ती शोभते. तपासायची सोपी युक्ती: घराच्या फोटोवर रंग टाकून बघत असाल तर फोटो कृष्णधवल करा. तीन पातळ्या, म्हणजे फिकट, मध्यम आणि गडद, वेगळ्या ओळखू आल्या तर जोडीचा सांगाडा ठीक आहे. मोबाइल ॲपवर दिसणारा नेमका रंग मात्र खरा मानू नका. पडदा स्वतः उजेड देतो, भिंत देत नाही. ॲपचा उपयोग फक्त पट्टा कुठे यावा आणि किती रुंद असावा हे ठरवण्यापुरता.

या हिशेबाने तुमच्या घरासाठी मी अशी जोडी सुचवेन. मुख्य भिंत मातकट राखाडी, एलआरव्ही ५५ च्या आसपास. छज्जांच्या कडा, खिडक्यांभोवतीचे पट्टे आणि छपराखालची कड कोमट पांढरी, एलआरव्ही ७५ ते ८०. निळसर शुभ्र पांढरा नको, तो पिवळ्या दगडाला मळके करून टाकतो. जोते आणि मुख्य दरवाजा खिडक्यांच्या तपकिरीच्या जवळचा, १० ते १५. चौथा रंग लागत नाही, कारण लाल छप्पर हाच या घराचा उठावाचा रंग आहे आणि तो तुमच्याकडे आधीच आहे. दरवाजा निळा किंवा पिवळाधमक करायचा मोह होईल, पण छपराशी त्याची ओढाताण होईल.

राखाडी नकोच असे ठरले तर वाळूसारखी भिंत, तीच कोमट पांढरी कड आणि गडद शेवाळी दरवाजा ही दुसरी भक्कम जोडी. फिकट राखाडी-हिरवा सुद्धा लाल छपराखाली सुंदर दिसतो, कारण दोघे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मात्र हिरवा पुरेसा मंद हवा. जरा सतेज घेतलात की दोघे भांडू लागतात.

मंद या शब्दावर थोडे थांबायला हवे. कार्डावरचा चौकोन दोन बोटांएवढा, भिंत शेकडो चौरस फुटांची, आणि वरून ऊन. त्यामुळे तोच रंग भिंतीवर एक-दोन पायऱ्या फिकट आणि जास्त रंगीत दिसतो. चौकोनात "छान क्रीम" वाटणारा रंग भिंतीवर पिवळा होतो, "हलका पीच" गुलाबी होतो. म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी गडद आणि एक पायरी करडी घ्या.

नमुना लावल्याशिवाय डबे मागवू नका, आणि नमुना नीट लावा. दोन-तीन छटांचे प्रत्येकी एक लिटर किंवा त्याहून लहान डबे पुरतात. दोन बाय तीन फुटांचे फायबर सिमेंटचे किंवा प्लायचे तुकडे घ्या. प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन पूर्ण हात. कडेने चार बोटे पांढरी पट्टी सोडा, नाहीतर भिंतीचा जुना क्रीम नव्या छटेला बिघडवून दाखवेल. तुकडे उचलून दगडाशेजारी, छपराखाली, उत्तरेच्या भिंतीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर ठेवा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवा लावून बघा. रात्रीचा दिवा विसरू नका. पिवळसर दिव्यात जुळणाऱ्या दोन छटा दिवसा वेगळ्या दिसू शकतात, आणि उलटही होते. ओला रंग बघून मत बनवू नका. वाळल्यावर इमल्शन सहसा थोडे गडद होते. दोन नमुने एकमेकांना चिकटवून लावले तर डोळा त्यांचीच तुलना करत बसतो. एका वेळी एकच ठेवा आणि रस्त्यापलीकडून बघा.

विटण्याबद्दल. सध्याचा क्रीम उन्हाच्या बाजूला गेला, कारण ऊन रंगातल्या बांधणाऱ्या घटकाला हळूहळू फोडते आणि रंगद्रव्याची भुकटी सुटी होते. भिंतीवरून तळवा फिरवा. हाताला पीठ लागले तर हेच झाले आहे. दुसरे कारण रंगद्रव्यांचे. लोहाच्या ऑक्साइडपासून बनणारे पिवळे मातकट, गेरवे, तपकिरी आणि काळे, तसेच टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा हे उन्हात वर्षानुवर्षे टिकतात. क्रोमियम ऑक्साइडचा मंद हिरवाही टिकतो. थॅलो निळा आणि थॅलो हिरवा चांगले टिकाऊ आहेत, पण फार फिकट छटांत त्यांचाही जोर कमी होतो. झगझगीत पिवळे, नारिंगी, लालभडक, गुलाबी आणि जांभळे यांत बऱ्याचदा सेंद्रिय रंगद्रव्ये असतात, आणि स्वस्त प्रकारातली तर दोन-तीन उन्हाळ्यांत उतरतात.

यातली खरी अडचण मिश्रणात असते. राखाडी छटा दोन प्रकारे बनू शकते. एक, काळा आणि मातकट पिवळा ऑक्साइड पांढऱ्यात घालून. दुसरी, काळ्यात थोडा जांभळा किंवा सेंद्रिय पिवळा घालून. दुसऱ्या प्रकारात एक घटक आधी उडतो आणि भिंतीची झाकच बदलते. फक्त फिकट होऊन थांबत नाही. म्हणून टिंटिंग मशीनवर रंग बनवताना विचारा की सूत्रात कोणते रंगद्रव पडणार आहेत. डब्यावरच्या लेबलवर बऱ्याचदा त्यांचे कोड आणि मात्रा छापलेल्या असतात. मातकट राखाडी सुचवण्याचे हेही एक कारण आहे: ती पूर्ण ऑक्साइडवर बनवता येते. कच्चा, भडक रंग लावायचाच असेल तर तो दाराला लावा, जिथे सावली आहे आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात मारायला परांची बांधावी लागत नाही.

गडद आणि गर्द छटा ज्या बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, बनतात त्यात पांढरे द्रव्य जवळजवळ नसते. त्यामुळे गर्द पिवळा किंवा लाल दोन हातांत झाकत नाही, तिसरा लागतो. खाली त्याच रंगाच्या जवळचा टिंट केलेला प्रायमर मारला तर तो वाचतो. गडद रंग वाळल्यावर पहिले काही दिवस दव किंवा भुरभुर पाऊस लागला तर गोगलगाय फिरल्यासारखे चिकट, चकाकणारे ओघळ दिसतात. तो रंगातला साबणासारखा घटक असतो. घासू नका, पाण्याने अलगद धुवा. बहुधा एक-दोन पावसांत तो आपोआप जातो.

आता रंग कुठे थांबवायचा. दोन रंगांची सीमा बाहेरच्या, पुढे आलेल्या कोपऱ्यावर कधीही आणू नका. तिथे रंग बदलला की भिंतीची जाडी नाहीशी होते आणि घर पुठ्ठ्याचे वाटते. सीमा आतल्या कोपऱ्यात घ्या, किंवा गिलाव्यात मुद्दाम पाडलेल्या खाचेत. पुढे आलेला भाग असेल तर त्याचा रंग बाजूने वळवून मागच्या भिंतीला भिडेपर्यंत न्या. खिडकीपाशी हे अगदी जवळून दिसते. भिंत जिथे चौकटीकडे आत वळते ती चार-सहा इंचांची जाडी पट्ट्याच्या रंगात रंगवली तर खिडकी मोठी आणि खोल दिसते. भिंतीच्या रंगात ठेवली तर खिडकी भिंतीत बसल्यासारखी वाटते. दोन्ही चालते, पण सगळ्या खिडक्यांना एकच नियम लावा. एक अशी आणि एक तशी झाली की का खटकते ते कळत नाही, पण खटकते.

सांडपाण्याचे पाइप, पावसाच्या पन्हळी, मीटरची पेटी आणि वायरिंगच्या नळ्या मागच्या भिंतीच्याच रंगात. हे सर्व पांढरे ठेवून सजवण्यात अर्थ नाही. पाइपाला पांढऱ्याचा मान दिला की नजर आधी पाइपाकडे जाते.

जोत्याला गडद, मळखाऊ रंग द्या, जमिनीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर. पावसाचे थेंब जमिनीवर आपटून चिखल तेवढ्या उंचीपर्यंत उडतो. वरची कड सरळ, पाणपातळीने आखलेली हवी. जमिनीच्या उताराबरोबर खाली-वर होणारी नको.

सावलीच्या बाजूचे काळे ओघळ रंग बदलून जाणार नाहीत. खिडकीच्या सिलच्या, म्हणजे खालच्या आडव्या कडेच्या, दोन्ही टोकांखाली मिशांसारखे ओघळ दिसत असतील तर सिलवरची धूळ पाण्याबरोबर टोकाकडून भिंतीवर उतरते आहे. सिल भिंतीपुढे ३ ते ५ सेंटिमीटर यायला हवी, बाहेरच्या बाजूला उतार हवा, आणि खालच्या अंगाला एक सेंटिमीटरभर रुंदीची पागोळीची खाच हवी, म्हणजे थेंब तिथेच तुटून खाली पडतो. छज्जाखालीही तीच खाच. सपाट गच्चीचा एखादा भाग असेल तर कठड्याच्या माथ्याचा उतार आतल्या बाजूला. ही कामे आधी करा. ती झाली नाहीत तर नवा कोमट पांढरा पट्टा पहिल्याच पावसाळ्यात काळा पडेल. ज्या कडा सुधारता येत नाहीत, तिथे पांढऱ्याचा हट्ट सोडा आणि भिंतीचाच रंग घ्या. सावलीतले शेवाळ आधी शेवाळनाशकाने मारून, घासून, धुवून, पूर्ण वाळू द्यायचे. तसेच रंगवले तर खालून पुन्हा वर येते.

तकाकीचा मुद्दा लहान आहे, पण चुकतो. मॅट रंग गिलाव्याचे उंचवटे लपवतो, किंचित तकाकी असलेला रंग धूळ कमी धरतो आणि तीच छटा थोडी गडद दाखवतो. मोठ्या भिंतींना मॅट किंवा अगदी हलकी तकाकी, दरवाजा आणि लोखंडी कामाला जास्त. नमुना ज्या तकाकीत पाहिलात त्याच तकाकीत माल मागवा.

किती लागेल याचा हिशेब: घराचा घेर गुणिले उंची, वजा दारे, खिडक्या आणि दगड. समजा घेर ४० मीटर आणि उंची ६.५ मीटर, म्हणजे २६० चौरस मीटर. त्यातून ४० वजा करून २२० उरले. बाहेरच्या कामात मुख्य रंगाला साधारण ७५ टक्के, दुसऱ्याला २० आणि गडदाला ५ असे माप बरे पडते. आतल्या खोल्यांसाठी सांगतात ते ६०-३०-१० बाहेर तुकडे-तुकडे दिसते. गुळगुळीत गिलाव्यावर एका लिटरमध्ये एका हाताचे सुमारे १० चौरस मीटर धरा. मुख्य रंग १६५ चौरस मीटर, दोन हात ३३०, म्हणजे ३३ लिटर, वाया जाणारे धरून ३६. दुसरा ४४ चौरस मीटर, दोन हातांना ९ लिटर, म्हणून १०. गडद अडीच-तीन लिटर. खरबरीत किंवा टेक्सचर केलेल्या भिंतीवर एक लिटर निम्म्याच जागेला पुरतो, तेव्हा हे आकडे जवळजवळ दुप्पट करा.

मुख्य रंग एकाच वेळी, एकाच बॅचमधून बनवून घ्या. तरीही डब्या-डब्यांत बारीक फरक असतोच. म्हणून रंगाऱ्याला सांगा की डबे मोठ्या पिंपात एकत्र करून ढवळायचे, आणि एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात पूर्ण करायची. मधे थांबले की वाळलेल्या आणि ओल्या कडेचा जोड कायमचा दिसतो, गडद रंगात तर फारच. थेट ऊन पडलेल्या तापल्या भिंतीवर काम नको. सूर्याच्या मागे-मागे सावलीच्या बाजूने फिरावे.

गिलावा नवा केला असेल, मग तो भेगा भरण्यापुरता का असेना, तर किमान २८ दिवस थांबा. ताजे सिमेंट तीव्र क्षारयुक्त असते. घाई केली की नेमक्या त्या डागांवर रंग पिवळट किंवा पांढरट होतो, नाहीतर लोणा फुटतो. थांबणे शक्यच नसेल तर निदान क्षाररोधक प्रायमर हवा.

काम झाल्यावर प्रत्येक डब्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवा: शेड कोड, बेस, तकाकी, बॅच. उरलेला लिटरभर रंग घट्ट झाकून सावलीत ठेवा. पुढे डाग झाकायची वेळ आली तर फक्त डागावर ब्रश मारू नका. भिंत तोवर थोडी उतरलेली असते आणि ताजा ठिपका वेगळा उठून दिसतो. जवळच्या दोन खाचांच्या किंवा दोन कोपऱ्यांच्या मधला पूर्ण भाग रंगवा.